पाण्याच्या गमाचा हंगाम

कडावच्या रस्त्याला कापलेल्या भाताचा वास येऊ लागला की इतरांच्या मनात काय येतं मला ठाऊक नाही, माझ्या मनात संशय येतो. पेंढ्याचा तो ओलसर, गोडसर, थोडा कुबट वास नाकात शिरतो. समोर डोंगर घासून ठेवलेल्या भांड्यांसारखे लख्ख दिसतात. बांधाला गाडी लावून कोणी मुंबईकर आपल्या मुलांना भात कसा उगवतो ते चुकीचं समजावून सांगत असतो. आणि मला वाटू लागतं, इतकं सगळं नीट दिसतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटत चाललेलं असणार. कोपरा उचलून बघायला हवा.

कोपरा उचलून बघण्याचा हा रोग धंद्यातून जडला. माझी सगळी नोकरी खालापूरकडच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गेली, आणि तिथे मी लेबलांच्या पाठीवरचा गम बनवत आणि तपासत असे. पाठचा गुळगुळीत कागद सोलायचा, लेबल बाटलीवर ठेवायचं, अंगठ्याने दाबायचं, की चिकटलं. त्याला पाणी लागत नाही, उष्णता लागत नाही, नुसता दाब पुरतो. ऐकायला सोपं वाटतं. पण या गमाकडून अपेक्षा अशी असते की त्याने वाळल्यावरही मऊ राहावं, बोट लावलं तर धरावं पण बोटाला लागू नये, फ्रिजमध्ये आखडू नये आणि उन्हात पाघळू नये. एवढ्या अपेक्षा आपण जावयाकडूनही ठेवत नाही. त्यामुळे गमावर काम करणारा माणूस हळूहळू कशावरच विश्वास ठेवेनासा होतो. लग्नाला गेले तरी मी आधी पाण्याच्या बाटलीवरच्या लेबलाचा कोपरा नखाने खरवडून बघते, मग नवरानवरीकडे बघते.

अर्थात सगळा दोष धंद्याला देणं बरोबर नाही. वडील कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि बाजारातून आणलेली भाजी घरी स्वतःच्या तराजूत पुन्हा तोलत. भाजीवाल्यावर अविश्वास म्हणून नव्हे, असं ते सांगत. त्याच्या तराजूवर अविश्वास म्हणून. मग आपल्या तराजूवर विश्वास कसा, असं मी एकदा विचारलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा बरोबरीने बोलू लागले.

आमच्या कारखान्यात गमाचे दोन प्रकार होते आणि कामगारांनी त्यांना दोन नावं दिली होती: वासाचा गम आणि पाण्याचा गम. वासाचा गम जुना. तो सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेला असे, आणि शेडमध्ये शिरताच त्याच्या वासाने डोळ्यांपुढे बारीक काजवे चमकत. नवी माणसं म्हणत, छान वास आहे. जुनी माणसं काहीच म्हणत नसत, कारण त्यांना वास येणंच बंद झालेलं असे. पाण्याचा गम आम्ही नव्याने करत होतो. दिसायला थेट दूध. पाण्यात तरंगणारे अतिशय बारीक चिकट कण. कागदावर पसरून गरम हवेतून नेलं की पाणी उडून जातं आणि कण एकमेकांना धरून थर होतो. वास जवळजवळ नाही. अगदी नाक जवळ नेलं तर मुतारीची पुसट आठवण येईल इतपत.

हा पाण्याचा गम जमावा असं सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल तर बबनरावांना. ते कोटिंग मशीन चालवत. मशीन म्हणजे एका टोकाला कागदाचा भला मोठा रोल, खाली गमाने भरलेलं उथळ ताट, ताटात बुडून फिरणारा रूळ, पुढे बोगद्यासारखी भट्टी आणि पार दुसऱ्या टोकाला तयार माल. त्या ताटाशी उभं राहून बबनरावांनी वासाच्या गमावर अर्धं आयुष्य काढलं होतं. मग डोकं दुखायला लागलं, चक्कर यायला लागली, आणि एकदा चालू मशीनपाशी तोल गेला तो कठड्यावर सावरला. खोपोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वासापासून दूर राहा, नाहीतर पुढच्या वेळी कठडा असेलच असं नाही. कारखान्यात त्यांना देण्यासारखं दुसरं काम नव्हतं. निदान धाकट्या शेठना दिसत नव्हतं. शेठनी स्पष्ट सांगून टाकलं होतं: दिवाळीनंतर ताक-लस्सी बाटलीत भरणाऱ्या एका कंपनीची माणसं माल बघायला येतील. पसंत पडला तर सगळं मशीन पाण्याच्या गमावर. नाही पडला तर पुन्हा वासाचा गम, आणि ज्याला वास सोसत नाही त्याने दुसरीकडे बघावं.

बबनराव कडावचे. घरी थोडं भात, दोन म्हशी, आणि पन्नाशी गाठलेल्या माणसाला दुसरीकडे कोण बघू देतं, हा प्रश्न.

धाकट्या शेठना फलकांची आवड होती. पाण्याचा गम किलोभरही तयार झाला नव्हता तेव्हा फाटकावर हिरवा फलक लागला: पृथ्वीसाठी आमचं एक पाऊल. फलकावरची अक्षरं वासाच्या गमाने चिकटवली होती, कारण दुसरा गम टिकेल याची फलक लावणाऱ्याला खात्री नव्हती. मी हे शेठच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह आहात." मी होतेच. कर्जतपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'निसर्गाच्या कुशीत' घरं विकणारे फलक रोज बघत मी कामाला यायची. त्यातले बरेचसे फलक उभे करण्यासाठी झाडं तोडलेली होती. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं काहीही खरं असण्याची शक्यता अक्षरांच्या उंचीगणिक कमी होत जाते, असा माझा अनुभव आहे. लेबल बोलतं, गम गप्प बसतो. आणि शेवटी बाटलीवर कोण राहणार ते गम ठरवतो.

शेठनी मुंबईहून एक सल्लागारही आणले होते. गृहस्थ विद्वान असावेत. निदान ते तसं वारंवार सूचित करत. त्यांच्याकडे लाल ठिपका पाडणारी लेझरची कांडी होती आणि हातभर अंतरावरची वस्तूही ते त्या कांडीने दाखवत. ताटातला गम दाखवायचा तर ठिपका गमावर, गमाकडे बघणारी मी दाखवायची तर ठिपका माझ्या कपाळावर.

प्रयोगशाळेत गम पावसाळाभर जमत आला होता. आमच्याकडे एक कपाट होतं, त्यात पोलादी पट्ट्यांवर लेबलांचे तुकडे चिकटवून त्यांना खाली वजनं टांगलेली असत. गम किती काळ तग धरतो ते बघायचं. वजन सुटलं की कपाटातून ठप्प असा आवाज यायचा आणि आम्ही सगळे मान वर करून एकमेकांकडे बघायचो, जणू कोणीतरी गेलं. भाद्रपदाच्या शेवटापर्यंत कपाट शांत झालं. वजनं टांगलेलीच राहू लागली. घटस्थापनेच्या दिवशी शेठनी मुहूर्त साधून पाण्याचा गम मोठ्या मशीनवर चढवायला सांगितला.

मशीनशेजारी भिंतीत कामगारांचा छोटा देव्हारा होता. नवरात्रात तिथे अखंड दिवा असे. झेंडू, हळद, उदबत्तीचा धूर, तेलाची बाटली, आणि समोर रूळ दुधाळ गमात बुडून निघत फिरतोय असं ते दृश्य. पहिला रोल निघाला तो उत्तम. बबनरावांनी तयार कागदावर अंगठा दाबला, उचलला, पुन्हा दाबला. म्हणाले, "मॅडम, धरतोय. आणि डोकं पन ठिकाणावर हाय."

त्यानंतर माल बिघडू लागला. म्हणजे रोज नाही, आणि हाच त्रास होता. रोज बिघडला असता तर कारण सापडलं असतं. तीन रोल चांगले, चौथ्यावर गमाच्या थरात बारीक गोल गोल भोकं, माशाच्या डोळ्यांसारखी; आणि भोकांच्या आजूबाजूलाही गम असा निस्तेज की लेबल चिकटवलं तर तासाभरात कडा वर. कपाटातून पुन्हा ठप्प ठप्प सुरू झालं.

माशाचे डोळे दिसले की जाणत्या माणसाला एकच शंका येते: कुठूनतरी तेल लागलंय. पाण्याच्या गमाचं आणि तेलाचं सासू-सुनेइतकंही जमत नाही. थेंबभर तेल पडलं तर गम तिथून मागे सरतो. मी तेल शोधायला लागले. मशीनची बेअरिंगं पुसून बघितली, दाबाच्या हवेच्या नळीसमोर पांढरा कागद धरून बघितला, रुळांच्या टोकांवर बोट फिरवून वास घेतला. काही नाही. मग मी माणसांकडे वळले. मशीनपाशी येणाऱ्याने डोक्याला तेल लावून यायचं नाही, असा नियम केला. तो नेमका दिवाळीच्या आठवड्यात लागू झाला. अभ्यंगस्नान करून चापूनचोपून भांग पाडलेल्या माणसांना मी शेडच्या दारात अडवून टाळू तपासत होते. बबनरावांचा मशीनवरचा जोडीदार मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "उद्या मॅडम येताना वस्तरा घेऊन येतील रं." हशा झाला. माझा संशय मात्र हसला नाही.

त्या दिवसांत मी कोणावर संशय घेतला नाही ते सांगणं सोपं. वासाचा गम विकणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस दुपारी चहाच्या टपरीवर आमच्या लोकांत येऊन बसे. तो का बसतो? सल्लागार ज्या दिवशी येत त्या दिवशी माल हमखास बिघडे. ते कांडीबरोबर खिशातून आणखी काय आणतात? भिवंडीहून येणारे कागदाचे रोल आधीच तेलकट असतात का? जेवणाच्या सुट्टीनंतर हात धुतात का, आणि धुतात तर कोणत्या साबणाने? रात्री घरी आले की आईने पुढ्यात ठेवलेल्या पोळीवरचं तुपाचं बोटसुद्धा मला पुरावा वाटायचं. फक्त बबनरावांवर मी संशय घेतला नाही. ज्याची भाकरी या गमावर अवलंबून, तो गमात माती कशाला कालवेल? आणि देव्हाऱ्याकडे तर मी बघितलंच नाही. तिथे बघताना हात जोडायचे असतात, तपासायचं नसतं, इतकी शिकवण माझ्यासारखीलाही असते.

एके दिवशी बबनराव माझ्या टेबलाशी आले आणि घुटमळत म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. शेठ पावणे घेऊन येतात ना, तवाच माल बिघडतो. सगळी बोलतात, नजर लागते."

"कोणाची, शेठची?"

"शेठची कशी लागंल? पावन्यांची."

मी हसले. ते गेल्यावर मात्र आठवून पाहिलं, तर बरोबर होतं. बिघडलेला प्रत्येक रोल कोणीतरी पाहुणे येऊन गेल्याच्या दिवसाचा होता. बँकेची माणसं आली, बिघडला. उद्योजकांच्या मंडळाचे पदाधिकारी आले, बिघडला. आता नजर लागते यावर विश्वास ठेवणं मला शक्य नव्हतं, पण मोठी माणसं आली की काम बिघडतं यावर माझा पूर्ण विश्वास होता, त्यामुळे मी पेचात पडले. पाहुणे आले की वेगळं काय होतं? शेठ गमाच्या ताटाच्या मागच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणत, "बबन, पंखा जरा जोरात फिरव, लोकांना दिसू दे." टाकीतला ढवळायचा पंखा जोरात फिरला की गम धबधब्यासारखा उसळे, पांढराशुभ्र फेस ताटापर्यंत वाहत येई. पाहुणे व्हिडिओ काढत. शेठ म्हणत, "शंभर टक्के पाणी." ते शंभर टक्के पाणी नव्हतं, असतं तर चिकटलं कसं असतं? पण पाहुणे माना डोलवत. फेसाने थर खराब होतो हे मला माहीत होतं; मात्र फेसाची भोकं वेगळी असतात, आणि भोकांपलीकडचा गम फेसाने निस्तेज होत नाही. तेव्हा फेस हेही उत्तर पुरं पडेना.

सल्लागारांनी तोवर उत्तर काढलं होतं. पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, ते गमाच्या कणांना फाडतं, तेव्हा पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवा. लाल ठिपका बोअरच्या नळावर बराच वेळ थरथरत राहिला. मी म्हटलं, त्याच पाण्यातून तीन रोल चांगले निघतात आणि चौथा बिघडतो, म्हणजे पाणी दर चौथ्या रोलला स्वभाव बदलतं का? त्यांनी माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "मॅडम, विज्ञान इतकं सरळ नसतं." यावर शेठनी मान डोलवली. शेठना सरळ नसलेल्या गोष्टी आवडत.

दिवाळी सरली. बबनरावांचं भात कापून झालं होतं, आणि त्यांनी मला आईसकट नव्या तांदळाच्या जेवणाला बोलावलं. सुट्टीचा दिवस होता. आईचे गुडघे दुखत होते म्हणून मी एकटीच गेले. खळ्यावर झोडणी चालली होती, पेंढ्याचा धुरळा उन्हात तरंगत होता, आणि त्या सगळ्यात तोच वास, ओलसर, गोडसर. आत चुलीवर टोपात भात शिजत होता. बबनरावांची बायको सुमन वालाचं बिरडं ढवळत होती. मला तिने पाट दिला आणि पहिलाच टोला हाणला.

"मॅडम, तुमच्या गमानं ह्यांची झोप नेली बगा. रातचं उठून बसतात. फेस आला, फेस आला, करतात."

"गप गं," दारातून पेंढा झटकत बबनराव म्हणाले.

"का गप? मला बोलले, ह्यो गम नाय जमला तर म्हशी इकून रिक्षा घेऊ. ह्यांना सायकल सरळ चालवता येत नाय, रिक्षा कोन देतंय?"

"लायसन कडावच्या बाहेरचं काढीन."

"मंग पाशिंजर बी भायेरचंच बगा. गावातलं नाय बसायचं."

आम्ही हसत होतो आणि नवा तांदूळ उकळत होता. नव्या तांदळाला पेज फार. तो टोपाच्या कडेपर्यंत पांढरा चढत येतो आणि क्षणभर दुर्लक्ष झालं की चूल विझवतो. झाकण थरथरलं. सुमनने बोलणं न थांबवता फळीवरची बाटली घेतली, झाकण सरकवलं आणि गोड्या तेलाचे दोन थेंब टोपात सोडले. चढत आलेला फेस जागच्या जागी खाली बसला. कोणीतरी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसा.

हे मी हजार वेळा बघितलं आहे. आमच्या घरीही तसंच करतात. भात पिकवणाऱ्या आणि भात खाणाऱ्या या सगळ्या पट्ट्यात कोणत्याही स्वयंपाकघरात जा, उतू जाणाऱ्या टोपाला हेच औषध. मी टोपाकडे बघत राहिले. मग बबनरावांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. तेही टोपाकडेच बघत होते, आणि त्यांच्या हातातला पेंढा तसाच राहिला होता.

मी विचारण्याआधी तेच म्हणाले, अगदी हळू, "देवाच्या बाटलीतलं."

"किती?"

"हे असंच. दोन थेंब, चार थेंब. शेठ पंखा जोरात करायला लावतात, फेस भायेर येतो. पावन्यांच्या समोर गम खाली सांडला तर बरं दिसतं का? तेल सोडलं का बसतो." हातातला पेंढा खाली ठेवून म्हणाले, "लगेच बसतो, मॅडम."

लगेच बसत असणारच. फेस बसवायचं औषध आम्हीही गमात घालतो, फक्त ते मोजून, आणि ते तेल नव्हे. सुमनला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "अवो, पानं मांडा की." आम्ही जेवलो. भात मऊ होता, नव्या तांदळाचा असतो तसा थोडा चिकट, बिरड्याला नारळाचं दूध होतं. बबनरावांच्या घशाखाली फार उतरलं नाही. निघताना ते मला वाटेपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पावन्यांची नजर बोललो मी. माजाच हात होता."

मी त्यांना सांगितलं की उद्यापासून तेल नको, पंखा हळू, बाकी कोणाला काही सांगायची गरज नाही. रोल चांगले निघाले की विषय संपला. यावर ते काही बोलले नाहीत, आणि मला वाटलं त्यांना पटलं. संशय घेण्यात एवढं आयुष्य घालवलं तरी गप्प माणसाला आपलं म्हणणं पटलंय असं समजण्याची चूक मी आजही करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच होते, सल्लागारही होते, पाण्याच्या यंत्राची चित्रं टेबलावर पसरली होती. बबनराव उभे राहून म्हणाले, "शेठ, माल मी बिघडवला. गमात तेल टाकत होतो, फेस बसवाया." आणि कसं, कधी, का, ते सगळं सांगितलं. पाहुणे आले की पंखा जोरात फिरवायला लावता, हेसुद्धा सांगितलं, डोळे खाली ठेवून.

शेठ आधी गोंधळले आणि मग हसले. "दोन थेंब तेलाने अख्खा प्रोजेक्ट बिघडतो?" त्यांनी सल्लागारांकडे बघितलं. सल्लागारांनी कांडी खिशात ठेवली. अशा प्रसंगी ते कांडी ठेवत. "भाबडा माणूस आहे," ते म्हणाले. "प्रामाणिक आहे, पण भाबडा." मग शेठ माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी दिसलं. आरशात दिसतं ते. मॅडमना पाण्याचं यंत्र नको आहे, तेव्हा मॅडमनी याला पढवून पाठवलंय, असं ते मनात जुळवत होते. संशय घेणाऱ्याला संशयाने बघितलं जाणं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. फार वाईट नसतं. जरा गुदगुल्या होतात.

"जा, कामाला लाग," शेठ बबनरावांना म्हणाले. "आणि असलं काही बाहेर बोलू नकोस."

पुढचे सगळे रोल, बोअरच्याच पाण्यातले, नितळ निघाले. मी ते शेठना नेऊन दाखवले. त्यांनी ते न बघता छान म्हटलं, आणि ताकवाल्या कंपनीची माणसं यायची त्या दिवसासाठी शुद्ध पाण्याचे कॅन मागवले. सल्लागारांची अटच होती.

ताकवाल्या कंपनीकडून एक वयस्क गृहस्थ आले, सोबत दोन तरुण. गृहस्थ फार बोलत नव्हते, त्यामुळे मला आवडले. शेठनी त्यांना फलक दाखवला, देव्हारा दाखवला, मग टाकीपाशी आणलं आणि सवयीने म्हणाले, "बबन, जोरात."

बबनरावांनी बटण फिरवलं. पंखा घुमू लागला, गम उसळला, दोघा तरुणांनी मोबाइल वर केले. फेस ताटाकडे सरकू लागला. मी मशीनच्या दुसऱ्या बाजूला उभी होते आणि मी गमाकडे बघत नव्हते, बबनरावांच्या उजव्या हाताकडे बघत होते. देव्हारा हाताच्या अंतरावर होता. फेस ताटाच्या काठाशी आला, फुगला, एक धार बाहेर पडून शेठच्या चकचकीत बुटांच्या दिशेने निघाली. उजवा हात उचलला गेला. कित्येक वर्षांची सवय, आईने आणि बायकोने रोज डोळ्यांसमोर केलेली कृती, ती काय एका सकाळीत जाते? हात देव्हाऱ्याच्या बाजूला वळला, हवेत थांबला, आणि तिथून परत येऊन त्याने पंख्याचं बटण मागे घेतलं.

पंखा मंदावला. शेठ म्हणाले, "अरे, चालू ठेव."

"नाय शेठ," बबनराव म्हणाले. "हळूच चालतो ह्यो."

"मी सांगतोय ना."

"जोरात फिरवला तर गम खराब होतो. पावन्यांना खराब माल दाखवू का?"

शेडमध्ये भट्टीची हवा तेवढी वाजत होती. इतक्या लोकांसमोर शेठना नाही म्हणणारा माणूस त्या कारखान्यात मी तोवर बघितला नव्हता, आणि ज्याची नोकरी त्याच दिवशी ठरायची होती त्याने ते म्हटलं होतं. शेठ लाल झाले. ते वयस्क गृहस्थ बबनरावांकडे वळले. "किती हळू?" त्यांनी विचारलं. बबनरावांनी टाकीत बोट दाखवलं. "वरती सुरकुती पडते ना, तेवढाच. फुटला नाय पायजे." गृहस्थ वाकून बराच वेळ ती सुरकुती बघत राहिले. मग त्यांनी बर्फाच्या पाण्यातून काढलेल्या, घाम फुटलेल्या बाटल्यांवर आमची लेबलं लावून बघितली, ओल्या हाताने चोळून बघितली, दुपारचा चहा घेतला, पुन्हा येऊन बघितली. लेबलं जागच्या जागी होती. पाण्याचा गम पसंत पडला.

बबनराव राहिले. शेठनी त्या दिवसाचा राग ठेवला नाही, कारण पाहुण्यांनी जाताना तुमचा ऑपरेटर हुशार आहे असं म्हटलं आणि शेठनी ते स्वतःच्या निवडीचं कौतुक म्हणून घेतलं.

महिनाभरात पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसलं. शेडबाहेर उंच चौथरा, त्यावर निळ्या टाक्या, झेंडूची तोरणं, शेठनी कापायची लाल फीत. यंत्रामुळेच पाण्याचा गम यशस्वी झाला असं सल्लागारांनी भाषणात सांगितलं, आणि आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोअरच्या पाण्यात केलेले रोल माझ्या खोलीत रचलेले होते आणि तेही तितकेच चांगले होते, पण त्यांच्यासाठी कोणी चौथरा बांधला नसता. आजही त्या रस्त्याने जाताना निळ्या टाक्या दिसतात. त्यातलं पाणी बेचव आहे म्हणून कोणी पीत नाही.

समारंभात पेढे वाटून झाल्यावर बबनराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नवा गणवेश होता. यंत्राकडे बघत बघत म्हणाले, "मॅडम, एक इचारू? मी खरं बोललो, तरी शेठनं मानलं का नाय?"

"खऱ्याला फीत लावून कापता येत नाही, म्हणून."

ते हसले नाहीत. मला वाटलं होतं ते सुटकेचा श्वास टाकतील; नोकरी वाचली, दोषही लागला नाही, आणखी काय हवं असतं? पण त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा होता. "भाबडा बोलले मला," ते म्हणाले. "आख्खी रात इचार करून गेलो व्हतो मी सांगाया. घरात बोललो पन नाय. वाटलं, शेठ शिव्या घालतील, काढतील. ते हसलेच." मग म्हणाले, "माज्या हातून बिघाड पन होऊ शकत नाय, असं वाटतं त्यांना."

मी निळ्या टाक्यांकडे बघितलं. यंत्राच्या टाकीत पाणी पडण्याचा आवाज येत होता. आतून जोडीदाराने हाक मारली, रोल संपत आला होता. बबनरावांनी हातातला पेढा तसाच कागदात गुंडाळून खिशात घातला आणि शेडकडे निघाले.

"तुम्ही तरी मानता ना?" दारात थांबून त्यांनी विचारलं.

"मानते," मी म्हटलं. "बिघाड तुमचाच होता."

"मंग बरं," ते म्हणाले आणि आत गेले.